गिअरशेजारचा छोटा दांडा

तू फक्त ऐक. मध्ये विचारू नकोस, आणि हसू तर अजिबात नकोस, कारण तू हसलीस की मलाही हसू येतं, आणि मग वाटायला लागतं की झालं ते गमतीचंच होतं. नव्हतं गं. काल सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी, माझे बाबा आणि आमच्या खात्याचे साहेब, असे तिघं जण गाडीसकट गावाच्या पिण्याच्या पाण्यात पडणार होतो. अंतर किती राहिलं होतं माहितीये? ही बशी आणि तुझा कप, यांच्यामध्ये आहे ना, तेवढं.

थांब, नीट सांगते. माझी नोकरी तुला माहितीच आहे, टेकडीवरच्या पाण्याच्या प्रयोगशाळेतली. रोज सकाळी टाक्यांमधून बाटल्या भरायच्या, क्लोरीन बघायचं, गढूळपणा बघायचा, वहीत लिहायचं. मला हे काम इतकं आवडतं की सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी जेवताना पेला उजेडात धरून बघते आणि आई म्हणते, पी आता, आम्ही सगळे जिवंत आहोत. पण मी अजून कच्ची आहे. सहा महिने कच्ची, मग साहेब वर येऊन बघणार, मग पक्की. आणि खरी अडचण कामात नाहीच, अडचण वर जाण्यात आहे. टेकडीच्या पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता. तिथून पुढे एक किलोमीटर नुसती माती आणि खडी, आणि चढ असा की पायी जाताना आपलेच गुडघे आपल्या नाकासमोर येतात. बरोबर मध्यावर एक वळण. वळणाच्या खाली, कठडा वगैरे काही नाही, सरळ गाळ बसवायची उघडी टाकी. आणि त्या वळणावरच आमच्याच खात्याचा पाइप गळतो.

म्हणजे बघ, अख्ख्या गावाला पाणी देणारं खातं, आणि त्याचाच चिखल त्याच्याच रस्त्यावर. मी दोनदा पत्र दिलं. पाइपवाल्या विभागाने कळवलं, पाणी रस्त्यावर साचतंय तेव्हा हा रस्त्याचा प्रश्न. रस्तेवाल्या विभागाने कळवलं, रस्ता कोरडा झाल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही. मग दोघांनी मिळून मला विचारलं की गळणाऱ्या पाण्याचा दर्जा तपासला आहे का. तपासला. उत्तम आहे.

आधी खात्याची एक जीप होती वर न्यायला. ती आणि तिचा ड्रायव्हर एकाच महिन्यात निवृत्त झाले. मग मला पत्र आलं की कर्मचाऱ्याने स्वतःच्या वाहनाने कार्यस्थळी पोचावे, न जमल्यास मुख्य कार्यालयात जावक नोंदवहीवर बसावे. जावक म्हणजे काय, तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा नंबर लिहायचा. त्या टेबलावर आधी ज्या बाई होत्या त्यांनी तिथे बसून घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणले, मग शेजाऱ्यांचे विणले, आणि शेवटी शेजारी घर बदलून गेले. खिडकी एक, समोर भिंत. मी ठरवलं, गाडी घ्यायची.

आता इथे बाबा येतात. माझ्या बाबांनी बत्तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. दावा म्हणजे कुणाचं तरी काहीतरी झालंय, त्याशिवाय दावा येतच नाही. त्यामुळे माणसं कशाकशाने जातात याचं त्यांना इतकं बारीक ज्ञान आहे की त्यांना घाबरायला भूत लागत नाही, स्टूल पुरतं. स्टुलाची एक फाइल आहे. गिझरची आहे. वाऱ्याने बंद होणाऱ्या दाराची आहे. तू शिंकलीस तरी त्यांना एक शिंक आठवते, जिना उतरताना आलेली. म्हणून मी स्कूटर म्हटल्याबरोबर त्यांनी नुसतं दोन हातांनी जाडी दाखवली. स्कूटरची फाइल. स्कूटर बाद.

राहिली मोटार. आणि मोटार म्हटल्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये जे सुरू झालं ना, ते विचारू नकोस. प्रश्न एवढाच होता की दोन चाकं ओढणारी घ्यायची की चारही चाकं ओढणारी. मामाचं मत, चार. कारण काय, तर माणूस दोन पायांवर चालतो म्हणून घसरतो, बकरी चार पायांवर चालते, तिला कधी डोंगरावरून पडताना बघितलंय का. आमच्या खाली राहणारे दाताचे डॉक्टर, त्यांचं मत, दोन. ते बोलायला बरोबर वेळ निवडतात. माझी दाढ भरत होते, माझं तोंड आ, त्यात तीन हत्यारं, आणि हे मला पंचवीस मिनिटं सांगत होते की चार चाकांना ताकद पोचवायची म्हणजे दुप्पट दांडे, दुप्पट दातेरी चाकं, दुप्पट तेल आणि दुप्पट बिघाड. चांगला हात असेल तर दोन चाकांवर कुठेही जाता येतं, म्हणाले, आणि नसेल तर चार चाकांवर जास्त उंचावरून पडता येतं. माझ्याच्याने हो पण म्हणवत नव्हतं, नाही पण म्हणवत नव्हतं. वर आल्यावर मी मामाला सांगितलं, मामाने खाली निरोप पाठवला की बकरीचं काय. डॉक्टरांचा निरोप आला, बकरीला क्लच नसतो. असे आठ दिवस मी खाली-वर. शेवटी आईने भाजी निवडता निवडता विचारलं की या दोघांपैकी त्या टेकडीवर गेलंय कोण. कुणीच नव्हतं गेलं. पण मत देणं थोडंच थांबतं.

निर्णय बाबांनी घेतला. त्यांचा हिशेब साधा. दोन जणांनी धरलेलं सुटू शकतं, चार जणांनी धरलेलं सुटायला वेळ लागतो. तर जमीन मोजणीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडून आम्ही एक जुनी, उंच, चौकोनी, चार चाकं ओढणारी गाडी घेतली. त्यात गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा होता. पुढे ढकलला की दोन चाकं, मध्ये चार, आणि पार मागे ओढला की चार पण अगदी हळू, अवघड जागेसाठी. त्या गृहस्थांनी बॉनेटवर थोपटलं आणि म्हणाले, छोटा दांडा गरज असेल तेव्हाच वापरा. बाबांनी मान डोलावली. बाबांच्या मते गरज कधी नसते?

गाडी नावावर करायला गेलो तर तिथे वेगळंच. बाबांनी आदल्या दिवशी गाडी स्वच्छ धुतली होती. कागदावर रंग लिहिलेला राखाडी, आणि धुतल्यावर गाडी निघाली हिरवी. कारकून एकदा कागद बघे, एकदा गाडी बघे. रंग जुळत नाही, म्हणाला, रंग बदलल्याचं पत्र आणा. ते पत्र कोण देतं ते त्याला माहीत नव्हतं. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेपर्यंत गाडीवर इतकी धूळ बसली होती की त्याने बघितलं, म्हणाला, हां, आता राखाडी आहे, आणि शिक्का मारला.

तर गाडी आली आणि बाबांनी तो छोटा दांडा चारवर टाकला तो टाकलाच. घरापासून चारवर. दूध आणायला चारवर. सपाट डांबरी रस्त्यावर, कोरडा ठणठणीत, तरी चारवर. मी म्हटलं, अहो, त्यांनी सांगितलं होतं गरज असेल तेव्हाच. बाबा म्हणाले, सीटबेल्ट काय तू आपटायच्या आधी अर्धा मिनिट लावतेस का. मला पण खरं सांगू, बरं वाटायचं. चार म्हणजे चार.

पण गाडी काहीतरी बोलायला लागली. वळण घेतलं की उचकी द्यायची. स्टिअरिंग जड, टायर किंचाळायचे, बिल्डिंगच्या फाटकातून आत वळताना तर अशी अडखळायची की जिन्यातले लोक थांबून बघायचे. मामा म्हणाला, ताकद आहे, मावत नाही तिच्यात. डॉक्टर खिडकीत उभे राहून नुसते हसले, आणि दाताच्या डॉक्टरचं हसू किती लांबून दिसतं तुला माहितीये. मला रात्री स्वप्नं पडायची की गाडी वळणावर उचकी देते आणि मी खाली टाकीत, आणि सकाळी माझ्याच बाटलीत मीच.

पाच आठवड्यांनी तो दांडा अडकला. चारवरून हलेचना. मी ढकलला, मामाने ढकलला, मामाच्या हाताला फोड आला. मग गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पहिलं विचारलं, किती वेळ चारवर आहे? मी म्हटलं, पाच आठवडे. ते खालीच बसले. म्हणाले, ताई, वळताना पुढची चाकं लांबून जातात, मागची जवळून जातात. मातीत चाकं जरा घसरतात आणि आपसात मिटवून घेतात. डांबरावर घसरायला जागाच नाही, मग पीळ पडतो आत. पिळून ठेवलेल्या चादरीसारखा. आता पीळ सोडवायचा. कसा? तर गाडी सरळ उलटी चालवायची, सुटेपर्यंत.

आमची गल्ली तू बघितलीयेस. त्या अख्ख्या गल्लीतून मी सकाळी आठ वाजता गाडी उलटी चालवत नेली. शाळेची मुलं, ऑफिसची माणसं, सगळे एका बाजूला सरकून उभे. आणि बाबा कुठे? बाबा गाडीच्या मागे, तोंड माझ्याकडे, हात हलवत, स्वतः उलटे चालतायत. मी ओरडतेय की बाजूला व्हा, ते ओरडतायत की बाजूला कोण आहे ते बघायलाच मी इथे आहे. उलट्या गाडीची पण एक फाइल आहे, त्यात नेमका दिशा दाखवणाराच गेला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. डॉक्टर ब्रश तोंडात धरून गॅलरीत. गल्लीच्या टोकाला खट् झालं आणि दांडा मोकळा झाला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मिस्त्री म्हणाले, आता लक्षात ठेवा, डांबर दोन, माती चार. आणि बाबांना उभ्या गाडीत दांडा कसा बदलायचा ते दाखवलं. बाबांनी डायरीत लिहून घेतलं, आकृतीसकट.

तिथून सगळं सुरळीत झालं, खरंच. पायथ्याशी थांबायचं, दांडा चारवर टाकायचा, चढायचं. वळणावर चिखल आला तरी गाडी सरसर वर. आणि बाबा रोज सोबत. शेजारच्या सीटवर, वरच्या दांडीला धरून, वाटभर एकेक फाइल. पोरीला एकटीला सोडवत नाही, म्हणायचे. वर आले की प्रयोगशाळेत स्टुलावर बसायचे, म्हणजे भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर, आणि माझ्या बाटल्या नंबराप्रमाणे लावून द्यायचे. मी कुरकुर करायचे. पण तुला एक गंमत सांगू? त्या चढावर मी कधी घाबरले नाही. घरात घाबरायचं खातंच बाबांकडे होतं ना. ते इतकं मन लावून करायचे की दुसऱ्याला जागाच उरायची नाही.

आणि काल साहेब आले. पायथ्याशी त्यांची ऑफिसची गाडी उभी, लांबलचक, दोन चाकं ओढणारी. तिच्या ड्रायव्हरने चढाकडे बघितलं आणि हात जोडले. म्हणाला, साहेब, मला घरी परत जायचंय. मी माझी गाडी थांबवली, छोटा दांडा चारवर टाकला. बाबा म्हणाले, नीट बसला का बघ. बघितला. बसला होता. मग मी उतरले, रस्त्यावर आडवी लावलेली खात्याची साखळी सोडली, साहेबांना नमस्कार केला, म्हटलं, माझ्या गाडीतून चला. बाबा तोवर अदबीने पुढची सीट सोडून मागे जाऊन बसले होते. साहेब बसताना म्हणाले की त्यांना खरं तर ही जागा बाईमाणसासाठी योग्य वाटत नाही, पण बघू. हे 'बघू' ज्या आवाजात म्हणाले ना, त्यात मला जावकचं टेबल दिसलं, खिडकी दिसली, स्वेटर दिसले.

मी निघाले. अर्धा चढ ठीक. साहेब टेकडीवरची झाडं मोजत होते. मला जरा वाटलं की गाडी आज आळसावलीये, पण म्हटलं, साहेबांचं वजन असेल, पदाचं धरून. आणि वळणावर चिखलात शिरल्याबरोबर मागची चाकं फिरायला लागली. नुसती जागच्या जागी. घूं घूं. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, जास्तच घूं. चिखल उडून साहेबांच्या काचेवर. आणि मग अगं, गाडी थांबली, क्षणभर तशीच राहिली, आणि मागे जायला लागली. हळूच. कुणीतरी मायेने ओढून न्यावं तशी.

मी ब्रेक दाबला. आणि त्या क्षणी मला ते कळलं जे मामालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही. ओढायला दोन चाकं असोत की चार, थांबायला सगळ्या गाड्यांना चारच असतात, आणि माझी चारही चिखलावर होती. चाकं अडली, गाडी चाललीच. शेपटी वळणाच्या बाहेर झुकली. आरशात मला रस्ता दिसेना, नुसतं पाणी दिसलं, सपाट, हिरवट, ज्याचा गढूळपणा मी रोज मोजते. मला काय आठवलं सांगू? आदल्या दिवशीचा आकडा. दोन पूर्णांक एक. माणूस मरताना म्हणे आयुष्य आठवतं, मला आकडा आठवला.

मग धप्प झालं. गळक्या पाइपाखाली एक काँक्रीटचा ठोकळा आहे, त्याला मागचं चाक टेकलं. थांबलो. गाडी तिरकी, माझा पाय ब्रेकवर, साहेबांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर. मी खाली बघितलं. छोटा दांडा पुढे होता. दोनवर.

मी तो चारवर टाकला होता. मी स्वतः. बसला का ते बघितलं होतं. मी आरशात वर बघितलं. मागे बाबा. ते टाकीकडे बघत नव्हते. माझ्याकडेही नव्हते. त्या दांड्याकडे बघत होते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, इतका मोठा प्रसंग, आणि त्यांना एकही फाइल आठवत नव्हती.

पुढचं मी कसं केलं मला माहीत नाही. दांडा पार मागे ओढला, हळूवाल्या चारवर, पहिला गिअर, क्लच केसाकेसाने सोडला. गाडी कण्हली, चारही चाकांनी चिखलात बोटं रोवली, आणि चढली. मुंगीसारखी. वर पोचेपर्यंत साहेबांनी डॅशबोर्ड सोडला नाही. उतरल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं. मी आमच्याच टाकीचं दिलं. ते सगळं प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "गाडी शेवटी चढली. म्हणजे गाडी ठीक आहे. मग आधी का घसरली?"

मी म्हटलं, "दांडा दोनवर होता, साहेब."

"कुणी ठेवला होता?"

बाबा तिथेच उभे होते, बाटल्यांपाशी. बाटल्या आधीच नंबराप्रमाणे लागलेल्या होत्या, तरी लावत होते. मी म्हटलं, बघून सांगते. हे काय उत्तर झालं? पण तेच निघालं तोंडातून. साहेबांनी बॅगेतून एक फॉर्म काढला. घटना अहवाल. कारण: चालक, वाहन, रस्ता, अन्य. एकावरच खूण करायची आणि अन्य असेल तर निवेदन जोडायचं. म्हणाले, रस्त्यावर खूण करू नका, ते त्या विभागाकडे जाईल आणि मी निवृत्त झाल्यावर परत येईल. वाहनावर केलीत तर ही गाडी वर आणता येणार नाही. उद्या दुपारपर्यंत द्या, त्यावर मी तुमचं काय ते ठरवतो. आणि खाली जाताना ते चालत गेले. स्वच्छ बुटांनी, त्या चिखलातून, अख्खा किलोमीटर.

आम्ही दोघं संध्याकाळी उतरलो. पायथ्याशी डांबर लागल्यावर बाबा हळूच म्हणाले, "दोनवर घे आता."

मी म्हटलं, "तुम्हीच घ्या. तुम्हाला जमतं."

मला नव्हतं म्हणायचं गं. निघून गेलं. त्यांनी खरंच घेतला, डायरीत लिहिल्याप्रमाणे, आणि मग रस्त्याकडे बघत सांगायला लागले. मी साखळी सोडत होते तेव्हा त्यांनी दांडा दोनवर केला. त्यांना वाटलं, चाकं जागच्या जागी फिरतील, बस. साहेब उतरतील, म्हणतील नाही जमायचं हिला, आणि मी खाली ऑफिसात बसेन. टेबल, खुर्ची, पंखा. पंख्याचीसुद्धा फाइल आहे, पण बारीक. मागे घसरेल हे मी धरलंच नव्हतं, म्हणाले. बत्तीस वर्षं लोकांना विचारत आलो की हे आधी कसं सुचलं नाही तुम्हाला. घरी गेल्यावर जेवले नाहीत. आईने मला विचारलं, काय झालं, मी म्हटलं, चिखल. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, एवढा?

आज सकाळी माझ्या पर्समध्ये हा कागद होता. हा बघ. बाबांचं अक्षर, समास सोडलेला, मुद्द्यांना आकडे. 'मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, प्रस्तुत चालकाचा पिता, असे लिहून देतो की, एक, सदर दांडा चालकाने योग्य स्थितीत ठेवला होता. दोन, चालक वाहनाबाहेर असताना मी तो हेतुपुरस्सर बदलला. तीन, चालकास याची कल्पना नव्हती. चार, वाहन टाकीत जाण्यापासून चालकाने वाचवले. हेतू: मुलगी खाली राहावी.' सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून आईची सही. म्हणजे तिला पण सांगितलं. मी वाचलं तेव्हा ते समोरच चहा पीत होते. म्हणाले, "हाच जोड. दावा खरा असला तर कागद लपवायचा नसतो."

आणि हा दुसरा माझा. मी आधीच लिहून ठेवला होता. चालकाची चूक, दांडा बदलायचं राहिलं, क्षमस्व. दोन ओळी.

आता तुला सरळ वाटेल, की त्यात काय, बाबांचा दे. ते स्वतःच म्हणतायत. पण फॉर्मच्या मागे नियम छापलाय, वाहनात खात्याबाहेरची व्यक्ती नको. त्यांचा कागद दिला की मी पक्की, पण ते गाडीत असतात हे लेखी होणार, आणि उद्यापासून बाबांना गाडीत पाय ठेवता येणार नाही. ते खाली घरात बसणार, नऊ वाजून वीस मिनिटं झाली की घड्याळाकडे बघणार, आणि त्यांच्या डोक्यात काय काय चालेल ते मला पाठ आहे. शिवाय साहेबांच्या कपाटात कायमचा कागद राहणार, की दाव्यांतल्या लबाड्या बत्तीस वर्षं पकडणाऱ्या माणसाने एक लबाडी केली आणि मुलीला जवळजवळ बुडवलं. आणि माझा कागद दिला तर जावक. भिंत, पाकिटं, स्वेटर. मला विणताही येत नाही.

हे सगळं मी तुला सांगतेय, पण हे पण पूर्ण खरं नाही. खरं सांगू का? कुणाला बोलू नकोस. काल धप्प झाल्यापासून मला भीती वाटतेय. मला, बाबांना नाही. पहिल्यांदाच ती माझी माझी आहे. त्यांचा कागद दिला की उद्या सकाळी त्या वळणावर गाडीत मी एकटीच असणार, शेजारची सीट रिकामी, दांडीला कुणी धरलेलं नाही, फाइल सांगणारं कुणी नाही. आणि सकाळपासून माझा हात सारखा माझ्याच कागदाकडे जातोय, आणि मला कळत नाहीये की तो बाबांना वाचवायला जातोय की मला.

साहेब चारला निघतात. घड्याळ बघ ना, सव्वातीन झाले. दोन्ही कागद हे इथे आहेत, एकच जोडायचाय. हसू नकोस म्हटलं होतं, पण गप्प पण बसू नकोस आता. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?